आलेल्या शब्दांचा डबा

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डायलिसिस विभागातली सात नंबरची खुर्ची रिकामी होती. सहा पन्नासला फोन आला. तारबाबू आदल्या संध्याकाळी वारले होते.

फोन ताईनेच घेतला. पलीकडे त्यांची लेक होती. बाबा रेडिओवर बातम्या ऐकत बसले होते, मी चहा घेऊन गेले तर मान खाली गेलेली, एवढंच ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्ही मशीन लावून ठेवलं असेल ना त्यांचं? काढून ठेवा," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मशीन खरोखरच लावलेलं होतं. नळ्या भरून, बुडबुडे काढून, सगळं तयार. ताईने ते सुटं केलं आणि न वापरलेल्या नळ्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. तिच्या एप्रनच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. त्यावर तिने रविवारी दुपारी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: शब्दांचे गुण एकशे त्रेसष्ट स्टॉप तुमची विद्यार्थिनी. परीक्षा शनिवारी झाली होती आणि एकशे सत्तरपैकी हे गुण तिथल्या तिथे पडद्यावर दिसले होते. तारबाबूंना ते तारेनेच कळवायचे, असं तिने ठरवलं होतं.

ताई एकतीस वर्षांची. या विभागात टेक्निशियन म्हणून नऊ वर्षं. सगळे पेशंट तिला ताईच म्हणत, त्यांत ऐंशीच्या घरातलेही होते. तिला परदेशातल्या विद्यापीठात पुढचं शिकायचं होतं. या मशीनमध्ये रक्त कसं गाळलं जातं ते तिला पाठ होतं. ते आणखी सोप्या, हलक्या यंत्रात कसं गाळता येईल, हे तिला शोधायचं होतं. प्रवेशासाठी एक परीक्षा लागते. त्यात गणित तिला हातचा मळ होतं. इंग्रजी शब्दांनी मात्र तिला गेल्या वर्षी आडवं पाडलं होतं. असे शब्द, जे तिने विभागात, घरी, रस्त्यावर कुणाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. यंदा नाही जमलं तर पुन्हा बसायचं नाही, असं तिने आईला सांगितलं होतं आणि आईने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं.

तारबाबू तार ऑफिसातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी कडकट्ट वाजणाऱ्या तारयंत्रावर बोट ठेवून दुसऱ्यांच्या बातम्या पाठवल्या. पुढे ते खातंच बंद झालं आणि हे नाव तेवढं त्यांना चिकटून राहिलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेसहा ते साडेदहा, सात नंबरची खुर्ची. डाव्या हातात दोन सुया, तो हात चार तास हलवायचा नाही. उजवा हात मोकळा.

त्या मोकळ्या उजव्या हातापासूनच सगळं सुरू झालं. मार्चमधल्या एका गुरुवारी ताई त्यांच्या मशीनपाशी उभी राहून खिशातून पत्ते काढून बघत होती. पुढे शब्द, मागे अर्थ.

"पत्ते खेळताय का ड्युटीवर?" तारबाबूंनी विचारलं.

"अभ्यास आहे हो, बाबा."

"आणा इकडे. मी धरतो, तुम्ही सांगा. एक हात आहे की रिकामा."

पहिला शब्द निघाला लॅकोनिक. मोजकं बोलणारा. तारबाबूंनी चष्मा वर केला. "हा मला माहीत आहे. आमचं सगळं खातंच लॅकोनिक होतं. याच्यापेक्षा जास्त बोललं की लोकांना परवडायचं नाही."

आठ नंबरच्या खुर्चीत टेलरकाकू असत. त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं आणि डायलिसिसच्या चार तासांत त्या सगळ्या विभागाची मापं तोंडाने घेत. त्या म्हणाल्या, "ताई, यांच्या अंगात पाणी कमी आणि इंग्रजीच जास्त साठलंय. वजन करताना तेवढं वजा करत जा."

"काकू, तुम्ही आपलं काज-बटण बघा," तारबाबू म्हणाले.

"माझं बघून झालंय. तुमचंच तेवढं उसवलंय."

पद्धत हळूहळू ठरत गेली. दर अर्ध्या तासाला ताईला प्रत्येक खुर्चीपाशी जावंच लागे: रक्तदाब, नाडी, मशीनवरचे आकडे, सगळं तक्त्यात भरायचं. तक्त्यात चार तासांचे आठ रकाने, आणि प्रत्येक रकान्याच्या तळाशी एक छोटा खण: तक्रार. तारबाबूंच्या खुर्चीपाशी ती दोन मिनिटं जास्त थांबे. ते पत्ता समोर धरत, ती अर्थ सांगे. आला तर पत्ता त्यांच्या मांडीवर, अडला तर तिच्या खिशात. मांडीवरचे पत्ते ते घरी नेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि प्रत्येकाच्या मागे, अर्थाच्या खाली, त्या शब्दाचं एक वाक्य लिहीत.

"बाबा, आलेल्यांवर कशाला कष्ट घेता? ते मी परत बघणार पण नाही."

"बघू नका. मी वेळ घालवतोय माझा. घरी कुणाशी बोलू? लेक कामावर, भिंत ऐकत नाही."

तिने खरंच बघितले नाहीत. आलेला शब्द उलटायचा नाही, हा तिचा नियमच होता, वेळ अडलेल्यांसाठी. बारा आठवड्यांत डबा भरत गेला आणि तिचा खिसा हलका होत गेला. एकदा तिने विचारलं होतं, इतक्या लोकांच्या तारा वाचल्यात, एखादी सांगा की. तारबाबूंनी मान हलवली. "शपथ घातलेली असायची. तारेतला मजकूर कुणाला सांगायचा नाही. बायकोलासुद्धा नाही. एकदा माझ्या सख्ख्या मावशीच्या घरची तार माझ्याच हाताखालून गेली, कुणीतरी गेल्याची. संध्याकाळी मी तिच्याकडेच जेवलो. तार सकाळी पोचली."

"आणि जेवताना?"

"जेवलो. काय करतो? भाजी चांगली होती म्हणालो."



मंगळवारी दुपारी मोठ्या डॉक्टरांनी तारबाबूंची फाइल मागवली. विभागातला कुणी पेशंट घरी वारला की मागच्या महिन्याचे तक्ते बघायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी बारा तक्ते टेबलावर ओळीने मांडले. ताई समोर उभी होती.

"दाब ठीक. वजन ठीक. तक्रार नाही, नाही, नाही..." त्यांनी बोट फिरवत नेलं. "हार्टच असणार. अचानक. यात आपण काही करू शकलो नसतो." मग त्यांनी वर पाहिलं. "तुझे तक्ते बघ. एक खण रिकामा नाही. बाकीच्यांचे बघितलेस तर डोकं फिरेल. शिफारसपत्रात मी हेच लिहिणार आहे. शेवटची तारीख शुक्रवार ना? शुक्रवारी दुपारी बसतो आणि पाठवतो."

ताई हो म्हणाली. बाहेर येताना तिला बरं वाटलं. हे तिला पुढे फार लक्षात राहिलं, की त्या दिवशी, त्या वेळी, तिला बरं वाटलं होतं.

शनिवारी ती परीक्षेला गेली असताना तारबाबूंचं मशीन दुसऱ्या टेक्निशियनने पाहिलं होतं. नवीन मुलगी, वर्षभरापूर्वी लागलेली. तिच्या अक्षरातही आठही खणांत तेच होतं: नाही.

"मी विचारलं होतं हं," ती आपणहून म्हणाली. "दरवेळी. तर म्हणाले, माझं सोडा, तुमच्या ताईचा पेपर कितीला सुटतो ते सांगा."

गुरुवारी सकाळी आठला लेक आली. पन्नाशीची, कामावर जाण्याच्या कपड्यांत, खांद्याला डब्याची पिशवी. तिला हॉस्पिटलचा एक कागद हवा होता. तो मिळाल्यावर तिने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला.

"हा तुमचा. बाबा हात लावू द्यायचे नाहीत. मी उघडलासुद्धा नाही, इंग्रजीच्या नावानेच मला धडकी भरते. म्हटलं, रद्दीत जाण्यापेक्षा तुम्हाला द्यावा."

ताईने डबा घेतला. तो वाटला होता त्याहून जड होता.

"एक विचारू?" लेक म्हणाली. "त्यांना काही त्रास होत होता का हो शेवटी शेवटी? मला काही सांगायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, हॉस्पिटलात आहेत विचारणारे. म्हणजे तुम्हाला सांगत असतील."

"नाही," ताई म्हणाली. "काही तक्रार नव्हती त्यांची."

"चला. तेवढंच समाधान." तिने डोळे पुसले, घड्याळ बघितलं आणि ती गेली.

आठच्या फेरीची नोंद झालेली होती. साडेआठच्या फेरीला वीस मिनिटं होती. ताई चहाच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि डबा उघडला. पत्ते आठवड्याआठवड्याचे गठ्ठे करून रबराने बांधलेले. तिने पहिल्या गठ्ठ्यातला एक पत्ता उलटला, बारा आठवड्यांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. मागे तिच्या अक्षरात अर्थ, खाली त्यांच्या अक्षरात वाक्य. सगळी मोठी अक्षरं, पूर्णविरामाच्या जागी स्टॉप, एकही शब्द फालतू नाही. वाक्यं इंग्रजीत होती. मराठीत आणायची तर अशी:

पहिल्या आठवड्यातले साधे होते. गॅर्युलस, बडबड्या: आठ नंबरची खुर्ची स्टॉप सकाळपासून थांबली नाही स्टॉप. ताईला हसू आलं.

सॉलिसिटस, काळजीने विचारपूस करणारी: दर अर्ध्या तासाला विचारते स्टॉप काही होतंय का बाबा स्टॉप लेकही इतकं विचारत नाही स्टॉप.

पाचव्या आठवड्यापासून कोपऱ्यात तारखा पडू लागल्या. रेटिसंट, मनातलं सहसा न सांगणारा: तिसऱ्या तासाला छाती जड स्टॉप दहा मिनिटं स्टॉप सांगितलं नाही स्टॉप. तिने पुढचा गठ्ठा सोडला. ऑब्ड्युरेट, हट्टाला पेटलेला: पुन्हा आज स्टॉप सांगितलं तर मशीन थांबवतील वर आयसीयूत नेतील स्टॉप एकवीस शब्द राहतील स्टॉप.

सातव्या आठवड्यात एक पत्ता होता पर्फंक्टरी. उरकायचं म्हणून केलेलं. हा शब्द तिला पहिल्या फटक्यात आला होता, तिला आठवत होतं. टेलरकाकूंनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती तारीख गुरुवारची होती. मागे लिहिलं होतं: आठ खण भरले तक्रार नाही स्टॉप एकदाही विचारलं नाही स्टॉप दोष माझा मीच शब्द पुढे करतो स्टॉप.

ताई खुर्चीवर बसली.

हे खरं होतं. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं, पण खरं होतं. सुरुवातीला ती आधी विचारे आणि मग पत्ता बघे. मग पत्ता बघताबघता विचारे. मग तारबाबू ती येण्याआधीच पत्ता उंच धरून ठेवू लागले, आणि ती अर्थ सांगत सांगतच खणात नाही लिहू लागली. हात लिहीत होता, तोंड अर्थ सांगत होतं. परीक्षा जवळ आली तेव्हा तर काही दिवस तिने आठही खण साडेसहालाच भरून टाकले होते.

तिने सगळे पत्ते भराभर चाळले. सहाशे बारा. त्यांत छातीबद्दलचे एकोणीस. शेवटचा परीक्षेच्या आधीच्या गुरुवारचा होता. कँडर, मोकळेपणाने खरं सांगणं: परीक्षेनंतर सांगीन स्टॉप मंगळवारी स्टॉप.

साडेआठ वाजून चार मिनिटं झाली होती. ती बाहेर आली, तेव्हा टेलरकाकूंच्या मशीनवरचा दिवा लुकलुकत होता. नोंदीची वेळ उलटली होती. तिने दाब घेतला, नाडी घेतली. मग तक्ता बाजूला ठेवला.

"काकू, काही त्रास होतोय का?"

"काय व्हायचंय मला? शेजार सुना झाला तेवढाच त्रास. लिही."

"छातीत? पायात गोळे? चक्कर?"

"अगं नाही म्हटलं ना. काय झालं तुला? तोंड बघ कसं झालंय, इस्त्री चुकल्यासारखं."

"काकू, ते तुम्हाला काही म्हणाले होते का? छातीबद्दल?"

टेलरकाकूंनी सात नंबरच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे आता दुसरा पेशंट होता, पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपलेला. "एकदा हात चोळताना बघितलं मी त्यांना, छातीवर," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, सांगा की ताईला. तर डोळे वटारले माझ्यावर. म्हणाले, काकू, पोरीचा अभ्यास चाललाय, मध्ये धागा तोडू नका. मला वाटलं, पित्त असेल. मीही नाही बोलले. आता तू मला रागाव."

ताई रागावली नाही. तिने तक्त्यात लिहिलं: विचारले. तक्रार नाही. तक्त्यात 'विचारले' असं कुणी लिहीत नाही. त्याची गरज नसते, ते धरलेलंच असतं.

संध्याकाळी घरी आईने डबा बघितला. ताईने सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"मग आता?"

"डॉक्टरांना दाखवायला हवेत."

"उद्या ते तुझं पत्र लिहिणार आहेत."

"म्हणूनच."

"परवा दाखव. पत्र जाऊ दे, मग दाखव. माणूस परवाही गेलेलाच असणार आहे, बाळा."

"पत्रात ते माझ्या तक्त्यांबद्दल लिहिणार आहेत, आई. एक खण रिकामा नाही म्हणून."

आईने एक जून शेंग बाजूला टाकली. "त्यांनी स्वतः लिहिलंय ना, दोष माझा म्हणून? मेलेल्या माणसाचा शब्द का मोडतेस?" दुसरी निवडता निवडता ती म्हणाली, "आणि सांगितलं असतं त्यांनी, तर वाचले असते?"

"माहीत नाही. ईसीजी काढला असता. कदाचित."

"त्या दुसऱ्या पोरीने विचारलं, तिलाही नाहीच म्हणाले ना?"

"हो."

"मग?"

 ताईने हे दिवसभर स्वतःलाही विचारलं होतं. विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, हे जवळजवळ नक्की होतं. पण त्यांनी ते लिहिलंही होतं, एकोणीस वेळा, तिच्याच पत्त्यांवर, तिच्याच अक्षराखाली. ते नेमक्या आलेल्या शब्दांच्या मागे लिहिलं होतं, जिथे ती कधी बघणार नाही हे तिनेच त्यांना सांगितलं होतं. त्यांना ते पोचवायचं होतं, की नुसतं कुठेतरी उतरवून ठेवायचं होतं, हे डब्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आईने कॅलेंडरकडे बघितलं नाही. ताटं घेतली. जेवताना कुणी भाजीबद्दल काही बोललं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने एकोणीस पत्ते वेगळे काढले, तारखेने लावले आणि रबर घातलं. त्यांच्याबरोबर त्याच तारखांचे तक्ते जोडले. एका कोऱ्या कागदावर तिने चार ओळी लिहिल्या: या तारखांना मी पेशंटला विचारले नव्हते. तक्त्यातील 'तक्रार नाही' ही नोंद माझी आहे, त्यांची नाही. पत्ते त्यांच्या हस्ताक्षरातील आहेत. खाली सही. हे लिहायला तिला चाळीस मिनिटं लागली. खिशातला घड्या घातलेला कागद तिने डब्यात तळाशी ठेवला आणि झाकण लावलं.

पावणेबाराला ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीशी गेली. ते मीटिंगला गेले होते. बाहेर बसणारे क्लार्क म्हणाले, "ठेवा टेबलावर. चारला येतील. काय आहे, मिठाई? पास झालात म्हणे."

"नाही," ती म्हणाली. "कागद आहेत. त्यांच्याच हातात द्या."

"टेबलावर ठेवले म्हणजे त्यांच्याच हातात."

तिने ठेवले. डबा, वर पत्ते, वर तिचा कागद.

लेकीचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर होता. तो तिने उतरवून घेतला. दुपारी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. गुरुवारी आपण तिला काय सांगितलं ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यात अवघड शब्द एकही नव्हता.

चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर आले आणि आत गेले. दार लागलं. पाच वाजता क्लार्क आत चहा घेऊन गेले, बाहेर आले आणि ताईकडे न बघता जागेवर बसले.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्या नावासमोर तीन ओळी होत्या. गुण: मिळाले. निबंध: मिळाला. शिफारसपत्र: प्रतीक्षेत. मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती. पाच वाजून वीस मिनिटांनी तिने पान पुन्हा उघडलं. तिसरी ओळ तशीच होती, आणि डॉक्टरांच्या दाराखालून दिव्याचा उजेड येत होता.